पितळेच्या बारीक वस्तूंसाठी घरगुती फिरता ड्रम

मोठी समई किंवा घागर हाताने घासून निघते. कंटाळा येतो तो कड्या-कोयंड्यांचा, बिजागऱ्यांचा, नळाच्या सुट्या भागांचा आणि होडीच्या पितळी नट-बोल्टांचा. खाऱ्या हवेने त्यांच्या आट्यांत आणि नक्षीत हिरवी पुटं बसतात, तिथे बोट पोचत नाही. पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना यांच्यासोबत या वस्तू बंद ड्रममध्ये दोनेक तास फिरवल्या की काम होतं. मात्र काम घासण्याने व्हायला हवं, आंबटाने नव्हे. घरगुती ड्रममधल्या बहुतेक चुका या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

ड्रमसाठी सांडपाण्याचा 160 मिमीचा पीव्हीसी पाइप 300 मिमी लांब कापून घ्यावा. एका टोकाला एंड कॅप सोल्व्हंट सिमेंटने कायमची चिकटवावी, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण. आतून, लांबीच्या दिशेने, पाइपच्याच कापलेल्या चार पट्ट्या समान अंतरावर चिकटवाव्यात, साधारण 10 मिमी उंचीच्या. या पट्ट्या नसतील तर आतला माल वर न चढता तळाशी नुसता घसरत राहतो आणि दोन तासांनी वस्तू जवळपास तशाच बाहेर येतात. सिमेंट वाळायला एक दिवस द्यावा. मग ड्रम पाण्याने भरून, झाकण खाली करून रात्रभर उभा ठेवावा. सकाळी खाली ओल दिसली तर आट्यांवर टेफ्लॉन टेप वाढवावी, रबरी रिंग नीट बसली आहे का तेही पाहावं.

रोलरसाठी 20 मिमीच्या दोन लोखंडी सळया आणि यूसीपी 204 ची (20 मिमी सळईला बसणारी, पायाला बोल्टने बसवायची) चार बेअरिंग लागतात. सळयांवर पाऊण इंची रबरी पाइप साबणाच्या पाण्याने ओला करून चढवावा. बाहेरून साधारण 32 मिमी भरतो. दोन रोलरच्या केंद्रांत 95 ते 100 मिमी अंतर ठेवावं. याहून जवळ आणले तर ड्रम उडी मारून बाहेर पडतो, फार लांब ठेवले तर पाचरीसारखा रुतून मोटारीवर ताण येतो. दोन्ही टोकांना हे अंतर मोजून पाहावं. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ड्रम हळूहळू एका बाजूला सरकतो. रबर 250 मिमीच ठेवलं की कॅपचे जाड काठ रबराबाहेर राहतात आणि सरकण्याला आपोआप आळा बसतो. पाया 19 मिमी मरीन प्लायचा करावा. साधा प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो आणि रोलर वाकडे होतात.

आता वेग. 1440 फेऱ्यांच्या मोटारीवर 2 इंची पुली, रोलरच्या सळईवर 10 इंची पुली. रोलर मिनिटाला साधारण 288 फेरे घेतो आणि ड्रम त्याच्या पाचपट जाड असल्याने 57 च्या आसपास फिरतो. भार आणि घसरण धरून 50-55 मिळतात. एवढेच हवेत. या मापाच्या ड्रममध्ये 105-110 फेऱ्यांना माल भिंतीला चिकटून फिरतो, घासणं बंदच होतं. आवाजावरूनही कळतं: एकसारखी सळसळ ऐकू आली तर बरोबर, धपधप आली तर वेग जास्त आहे आणि वस्तूंच्या कडा ठेचतायत.

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची मोटार भंगारात स्वस्त मिळते, पण ती थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेली असते. सलग दोन तासांत तापून जळते. प्लेटवर एस1 (म्हणजे सलग चालण्यासाठी बनवलेली) लिहिलेली पाव एचपीची मोटार घ्यावी. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय चालू करू नये, शेजारी पाणी भरलेला ड्रम फिरतोय. बेल्ट-पुलीवर जाळी लावावी.

भरताना: स्टेनलेसच्या पिना 2 किलो, पितळ जास्तीत जास्त 1 किलो, पाणी अडीच लिटर, भांडी घासायचं लिक्विड अर्धा चमचा आणि लिंबूसत्त्व 2 ते 3 ग्रॅम. ड्रम अर्ध्याहून थोडा वर भरतो. त्याहून जास्त भरला तर आत हालचालच उरत नाही. लिंबूसत्त्व काट्यावर मोजावं. सढळ हाताने घातलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि वस्तू गुलाबी दिसते. हलका गुलाबीपणा फक्त साबणपाण्यात तासभर फिरवून जातो, खोलवर गेलेला जात नाही.

कोकम, चिंच, बिंबलं यांनी पितळ उजळतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. पण बाजारातल्या आमसुलांत आणि आगळात मीठ असतं आणि मिठातलं क्लोराइड फटींत राहून पुन्हा हिरवं आणतं. हाताने घासून लगेच धुतलं तर चालतं, बंद ड्रममध्ये नको. लिंबूसत्त्वासोबत खाण्याचा सोडाही नको. वायू कोंडून झाकण उडेल.

अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश तर अजिबात नको. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या लघवीतला अमोनिया आणि पितळ ओढून आकार देताना आत राहिलेला ताण, ही त्याची कारणं 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिली. ठोकून, वाकवून बनवलेल्या आपल्या वस्तूंतही तसाच ताण असतो.

लोखंडी स्क्रू आधी काढून घ्यावेत. आंबट पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडावर चढतं आणि पितळेवरही लाल डाग पडतात. याच कारणाने घुंगरं या ड्रममध्ये घालू नयेत: आत लोखंडी गोळी असते, शिवाय फटीत पिना अडकतात आणि आवाज बसतो. टाळ, कल्हईची आणि चांदीचा मुलामा दिलेली भांडीही बाहेरच ठेवावीत.

कोरड्या पद्धतीला सॉ मिलचा सुका, बारीक भुसा चालतो, पण तो ओल्या धुण्यानंतर पुसायला आणि चमक आणायला; पुटं त्याने निघत नाहीत. काजूची टरफलं फुकट मिळतात म्हणून घालायचा मोह होतो. त्यांतलं तेल हाताला फोड आणतं आणि पितळेवर काळं बसतं.

तासाभराने उघडून पाहावं. पाणी काळं-हिरवं झालं असेल तर ओतून नवं घालावं, कारण तोच मळ पुन्हा वस्तूंवर बसतो. शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात करावं; किनाऱ्याजवळची विहीर मचूळ असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी बरं. पिना चुंबकाने गोळा करायला जाल तर पंचाईत, 304 जातीचं स्टेनलेस स्टील त्याला जेमतेम चिकटतं. गाळणीच वापरावी. कातकामाच्या पितळेत थोडं शिसंही असतं, म्हणून हातमोजे घालावेत आणि धुवण विहीर, परसातले वाफे आणि पऱ्या (छोटा ओढा) यांपासून लांब ओतावं.

लगेच पुसून, भुशात दहा मिनिटं फिरवून, पंख्याखाली वाळवावं. कड्या-बिजागऱ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात द्यावा. समईच्या भागांना काही लावू नये.