आवाज कुणाचा ते रंगमंचावर ठरेल, घड्याळ कुणाचं ते आधी ठरवा

आमच्या स्पर्धेतला सगळ्यात मोठा तंटा अडीच मिनिटांवरून झाला. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका, दुसऱ्या दिवसाचं शेवटचं सादरीकरण. आमच्या वेळाधिकाऱ्याच्या कागदावर ६१ मिनिटं ४० सेकंद, संघाच्या मॅनेजरच्या मोबाइलवर ५९ मिनिटं १० सेकंद. दोघंही खरं बोलत होते. आमच्या माणसानं तिसऱ्या घंटेला घड्याळ सुरू केलं होतं, त्या मुलानं पडदा उघडल्यावर. मधल्या वेळात निवेदिकेनं संघाचं, लेखकाचं, दिग्दर्शकाचं नाव सांगितलं, मोबाइल बंद ठेवायची विनंती दोनदा केली, आणि पडद्याची दोरी कप्पीत अडकली. नियमपत्रकात आम्ही काय लिहिलं होतं? ‘कालमर्यादा ६० मिनिटे.’ बस्स.

रात्री अकरापर्यंत जिन्यात वाद चालला. शेवटी संघाचं ऐकलं, कारण चूक आमची होती. मग दुसऱ्या कॉलेजचा संघ नाराज झाला, त्यांचंही चुकलं नव्हतं.

मी पुण्यातल्या एका सांस्कृतिक संस्थेत बरीच वर्षं राबतोय. पोरांच्या एकांकिका, कथास्पर्धा, अभिवाचन, कविसंमेलनं. सतरंज्या उचलण्यापासून निकाल वाचण्यापर्यंत सगळं केलंय. स्पर्धा नाटकामुळे क्वचितच बिघडते. ती महिनाभर आधी, कागदावर बिघडलेली असते. खाली लिहिलेल्या चुका आम्ही केल्यात, आणि संघांनीही.

‘योग्य ती कारवाई’ लिहू नका

वेळेच्या नियमात निदान एवढं स्पष्ट हवं: घड्याळ कधी सुरू होणार, कधी थांबणार, नेपथ्य लावायला आणि काढायला किती मिनिटं, आणि वेळ ओलांडली तर गुण कापणार की संघ बाद. आम्ही आता ‘पडदा उघडणे किंवा नाटकाचा पहिला ध्वनी, यांपैकी जे आधी होईल ते’ असं लिहितो. पडद्याआधी दोन मिनिटं पार्श्वसंगीत वाजवून वेळ वाचवणारे हुशार संघ असतात, म्हणून ते ‘पहिला ध्वनी’. ‘अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य तर काढूनच टाका. योग्य म्हणजे काय, यावरच रात्र जाते.

घड्याळ एकच ठेवा, त्याच्याशेजारी संघाचा एक प्रतिनिधी बसवा आणि नाटक संपल्या संपल्या वेळेच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. निकालानंतर घेतलेल्या सहीला अर्थ नसतो. आणखी एक, आम्ही मोठ्या उत्साहानं विंगेत लाल दिवा लावला होता, ५५व्या मिनिटाला पेटणारा. झालं असं की दिवा दिसला की नट धावत सुटायचे. मरणशय्येवरचा बाप फेरीवाल्यासारखा बोलायला लागायचा. दिवा आता फक्त बॅकस्टेजच्या मुलांना दिसतो.

संघांची चूक याच्या दुसऱ्या टोकाला असते. टेबलवाचन ५० मिनिटांत झालं म्हणून खूश होतात. एकांकिका उभी राहिली की हालचाली येतात, शांतता येते, दोन अंधार येतात. त्यात तालमीत कुणी हसत नाही, कारण विनोद सगळ्यांना पाठ झालेले असतात. प्रयोगात भरलेलं थिएटर हसतं, टाळ्या वाजवतं, आणि नटाला थांबावं लागतं. रंगीत तालीम ५२-५३ मिनिटांत संपली पाहिजे. नसेल संपत तर एक प्रवेश काढा. वाक्यं भराभर बोलून वाचवलेला वेळ परीक्षकांच्या कानाला पहिल्या पाच मिनिटांतच कळतो.

एका करंडकाचं नाटक दुसऱ्या करंडकाला

पुण्याच्या पोरांना हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी करतंच. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे, ती भरत नाट्य मंदिरात होते. तिथला भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर. फिरोदिया करंडकाचा बाज वेगळा: एकाच सादरीकरणात गाणं, नाच, वाद्यं, चित्रकला असं सगळं गुंफायचं. मग फिरोदियाची सवय लागलेला संघ साध्या एकांकिका स्पर्धेत तीन लेव्हल (रंगमंचावरचे उंच चौथरे), एक झोपाळा आणि सरकती भिंत घेऊन येतो. नेपथ्याची वेळ संपत आली तरी भिंत उभीच राहत नाही, आणि दिग्दर्शक स्वतः स्क्रू पिळत असतो, ज्यानं त्या वेळी नटांजवळ असायला हवं. प्रवेशिका भरण्याआधी गुणपत्रिकेचे निकष मागून घ्या. ज्याला गुण नाहीत त्यावर टेंपोचं भाडं घालवू नका.

आणि आयोजकहो, पारितोषिक न देण्याचा अधिकार परीक्षकांना आहे की नाही, तेही लिहून ठेवा. २०२२मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं आणि केवढी चर्चा झाली. तो निर्णय बरोबर की चूक यावर आमच्या चहाच्या टेबलावर आजही दोन तट पडतात. पण अशी वेळ छोट्या स्पर्धेवर आली आणि नियमात ते वाक्य नसलं, तर परीक्षक घरी जातात आणि शिव्या कार्यकर्ते खातात.

‘आधारित’ हा शब्द परवानगी नव्हे

संहितेच्या पहिल्या पानावर ‘एका कथेवर आधारित’ एवढंच असतं. कुणाची कथा, विचारलं का त्यांना? ‘सर, स्पर्धाच तर आहे.’ लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत विचारावं लागणार. कॉलेजच्या आत, विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुरत्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. बाहेरच्या थिएटरात तिकीट लावलं की ती सवलत सांगता येत नाही. परवानगीचं पत्र प्रवेशिकेसोबतच मागा. बहुतेक लेखक आनंदानं देतात, उलट प्रयोगाला येऊन बसतात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या प्रमाणपत्राचंही तेच. संहिता शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहिली तर प्रमाणपत्र कशाचं घेणार?

ढोल आणि तालीम

हा पुण्याचा खास रोग आहे. एकांकिकांचा हंगाम आणि गणपती एकमेकांच्या अंगावर येतात. नायक ढोलपथकात, नायिकेच्या हातात ध्वज, आणि पार्श्वसंगीतवाला ताशावर. जुलैपासून संध्याकाळी सगळे नदीपात्राकडे. तालीम ‘नऊनंतर बघू’ वर जाते आणि नऊला कॉलेजचा वॉचमन कुलूप घालतो. एका संघाचा नट तर विसर्जन मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीला आला, आवाज पूर्ण बसलेला. मुलानं जीव तोडून काम केलं, पण तिसऱ्या रांगेच्या पुढे एक शब्द पोचला नाही. पथक सोडा असं कुणी सांगू नये, पुण्यात ते कुणी ऐकणारही नाही. पहिल्या वाचनालाच पथकाचं वेळापत्रक समोर घ्या आणि सकाळी सातची तालीम लावा. ज्याला सकाळी उठणं जमत नाही त्याला मोठी भूमिका देऊ नका. आयोजकांनी सादरीकरणाचा क्रम चिठ्ठ्या टाकून काढताना पेठांमधले बंद रस्तेही डोळ्यासमोर ठेवावेत. टेंपो आत येत नसेल तर नेपथ्य हातात उचलून आणायला अर्धा तास जास्त लागतो.

दिवे, आवाज याबद्दल थोडक्यात: क्यू-शीट, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठला दिवा, कुठलं संगीत याची यादी, कागदावर हवी, फक्त एकाच्या डोक्यात नको. संगीत दोन पेनड्राइव्हमध्ये. ब्लूटूथवर कधीच नाही.

बेरजेचा घोटाळा

आयोजकांच्या हातून होणारी सगळ्यात वाईट चूक हीच, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन परीक्षक, प्रत्येकी १०० गुण, बेरीज करा, संपलं. आता हे बघा. ‘क’ संघाला पहिल्या परीक्षकांनी ९० दिले, दुसऱ्यांनी ६८, तिसऱ्यांनी ६६. ‘ख’ला अनुक्रमे ६०, ७१, ७०. तिघांपैकी दोघांच्या मते ‘ख’ सरस. पण बेरजेत ‘क’ २२४ आणि ‘ख’ २०१. निकाल एकट्या पहिल्या परीक्षकांनी लावला, कारण ते मोकळ्या हातानं साठ ते नव्वद असे गुण पसरतात आणि बाकीचे दोघं साठ-सत्तरच्या गल्लीतून बाहेर पडत नाहीत. यात लबाडी कुणाचीच नाही.

उपाय म्हणून आम्ही गुणांवरून प्रत्येक परीक्षकांचा क्रम काढतो, क्रमांची बेरीज करतो, आणि तिघांना एका खोलीत चहासकट बसवतो. क्रमातही खोट आहे, अर्ध्या गुणाचा फरक आणि वीस गुणांचा फरक सारखाच दिसतो. म्हणून चर्चा हवी. पहिल्या दिवशीच्या पहिल्या संघाला सगळेच हात राखून गुण देतात, हेही परीक्षकांना आधी सांगा. चार एकांकिका झाल्यावर पहिल्या गुणांकडे परत बघायची मुभा द्या, आणि खोडलं तिथे सही घ्या. परीक्षक स्पर्धेतल्या एखाद्या कॉलेजचे माजी विद्यार्थी असले तर ते आधीच जाहीर करा. पुण्यात असा परीक्षक न मिळणं अवघड आहे. लपवलं की मात्र वास येतो.

साहित्याचे कार्यक्रम

कविसंमेलनाचं गणित आम्ही वर्षानुवर्षं चुकवलं. २२ कवी, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे ११० मिनिटं. पण कवी माइकपर्यंत चालत येतो, ‘ही कविता मला कशी सुचली’ सांगतो, निवेदक मध्ये दोन ओळी स्वतःच्या म्हणतो, आणि प्रत्येक तिसरा कवी ‘एक अगदी छोटीशी’ म्हणून चौदा कडवी काढतो. त्याआधी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. सभागृह सहा ते नऊ घेतलेलं, आणि पावणेनऊला तिथला कर्मचारी मागचे पंखे बंद करू लागतो. शेवटी जो उरतो तो बहुधा पहिल्यांदाच कविता वाचायला आलेला विद्यार्थी, आणि त्याच्यासमोर त्याची आई, मावशी आणि आम्ही. आता विद्यार्थी आधी वाचतात, ज्येष्ठ नंतर. दोन ज्येष्ठ रागावले. चालायचंच.

२७ फेब्रुवारीचा, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाचा मोहही आवरा. त्या दिवशी शहरातली सगळी सभागृहं आणि सगळे बरे वक्ते अडकलेले असतात, आणि बारावीची लेखी परीक्षा त्याच सुमारास येते. मुलं कुठून आणणार? १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन घ्या. एखादं वर्ष तर कुठलाच ‘दिन’ नसलेला साधा शनिवार घेऊन पाहा, गर्दी जास्त होते.

कथास्पर्धेत निम्मा मनस्ताप फाइलींचा. टायपिंगवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये करून आणलेली कथा परीक्षकांच्या फोनवर उघडली की नुसते चौकोन आणि उलटेसुलटे इंग्रजी अक्षरांचे ढीग. युनिकोडमध्येच पाठवा असं लिहा, सोबत पीडीएफ मागा. कथेच्या पानावर लेखकाचं नाव नको. नाव आणि कॉलेज वेगळ्या पानावर, दोन्हींवर एकच क्रमांक. हे सांगितलं तरी एक-दोघं कथेच्या शेवटी सही करतातच. ती पाठवण्याआधी झाका.

अभिवाचनात मुलं हातात वही धरून नाटक करतात, आणि उत्कट वाक्याला वही खाली जाते, मग पुढची ओळ सापडत नाही. बोट ओळीवर ठेवा. एवढंच.

आणि प्रमाणपत्रं. नावं प्रवेशिकेत देवनागरीतच लिहून घ्या. इंग्रजी यादीवरून आम्ही अंदाजानं छापली तेव्हा अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलीच्या नावातला ‘ऋ’ आम्ही ‘रु’ केला. टाळ्यांमध्ये तिनं प्रमाणपत्र घेतलं, हसून फोटो काढला, आणि खाली येऊन माझ्याकडे पेन मागितलं.