व्हिक्टोरियातले पूर्वज शोधायला बसण्यापूर्वी

“आजी, बाबांच्या घराण्याचं एवढं जाड पुस्तक आहे, मग आईच्या घराण्याचं कुठे आहे?” कुळवृत्तांत चाळताना नातीने हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोजवळच्या शेतकरी कुटुंबातली. तिचे पूर्वज सोन्याच्या शोधात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. मग विहीणबाई आणि मी शोधायला बसलो, आणि घाई केली. नाव टाकलं, एक माणूस मिळाला, आणि भलत्याच खाणीत दगावलेल्या त्या माणसाला तीन आठवडे आपला समजून त्याचा माग काढत राहिलो. नोकरीतली सगळी वर्षं मी भूमिअभिलेख खात्यात काढली. मूळ नोंद पाहिल्याशिवाय फेरफारावर विश्वास ठेवायचा नाही हे मला कळायला हवं होतं. म्हणून दुसऱ्यांदा बसलो ते तयारी करूनच. तुमच्या घरातही अशी सून किंवा जावई असेल, तर ही तयारी उपयोगी पडेल.

पहिलं काम म्हणजे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जाऊन बसणं. बाकीची कागदपत्रं उद्याही तिथेच असतील, हे माणूस असेलच असं नाही. सनावळी विचारू नका, ती कोणाच्याच लक्षात नसते. नाताळला कोणाकडे जमत होता, लहानपणी कोणाच्या अंत्यविधीला नेलं होतं, कोणाचं नाव काढलं की घरात सगळे गप्प व्हायचे, हे विचारा. बाईचं माहेरचं आडनाव आवर्जून विचारा. लग्नात नाव बदललं की माहेरची बाई कागदावरून नाहीशी होते, हे आपल्याला काही नवीन सांगायला नको. परवानगी घेऊन आवाज मोबाईलवर घ्या आणि त्याच रात्री उतरवून काढा.

मग घरातले डबे उघडा. विहीणबाईंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात अंत्यविधीची काळ्या काठाची कार्डं, शाळेत बक्षीस मिळालेलं पुस्तक, दोन पावत्या आणि सर्वांत खाली घरचं बायबल. अशा बायबलांत जन्म-मृत्यू लिहायला कोरी पानं असतात. त्या पानावर सात मुलांच्या नोंदी होत्या आणि आम्ही हरखून गेलो. पण नीट पाहिलं तर सातही ओळी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं छपाईचं वर्ष थोरल्या चार मुलांच्या जन्मानंतरचं होतं. म्हणजे निदान त्या चार ओळी मूल झालं तेव्हा लिहिलेल्या नव्हेत, पुढे आठवून लिहिलेल्या. म्हणून छपाईचं साल टिपून ठेवा, अक्षर कुठे बदलतं ते पाहा, आणि प्रत्येक पानाचे फोटो दोन्ही बाजूंनी घ्या. जुन्या फोटोंना लॅमिनेशन करू नका. त्यांच्या मागे स्टुडिओचं नाव-पत्ता असतो, त्यावरून गाव आणि साधारण काळ लागतो.

एक जाड वही घ्या. प्रत्येक माणसाला एक पान. त्यावर नाव, तारीख, गाव आणि ही गोष्ट कुठे मिळाली ते. शेवटचा रकाना सर्वांत मोठा ठेवा. काही सापडलं नाही तर तेही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच यादी पुन्हा चाळाल. शोध नेहमी स्वतःपासून मागे न्यायचा, एका वेळी एकच पिढी. घराण्यातल्या कोण्या नामवंतापासून किंवा नाव टाकून सापडलेल्या माणसापासून खाली उतरू नका, आमचे तीन आठवडे तशानेच गेले. आडनावाच्या जितक्या रीतींनी स्पेलिंग होऊ शकेल तितकी आधीच लिहून ठेवा. कॉर्नवॉलची माणसं बोलताना सुरुवातीचा ‘ह’ गाळत, आणि लिहून घेणारा कारकून जे कानावर पडलं ते लिही. घराणं स्कॉटिश असेल तर एक गोष्ट आपल्याला पटकन समजेल: त्यांच्यात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत होती.

वहीच्या पहिल्या पानावर जुनी नावं आणि सालं. बेंडिगो शहराचं अधिकृत नाव १८९१ पर्यंत सँडहर्स्ट होतं. नुसतं बेंडिगो म्हणून शोधलंत तर निम्मी माणसं हातून सुटतील. व्हिक्टोरिया स्वतंत्र वसाहत झाली १ जुलै १८५१ ला. त्याआधी तो न्यू साउथ वेल्सचा पोर्ट फिलिप जिल्हा होता, त्यामुळे त्या आधीचे काही कागद सिडनीत आहेत. टास्मानिया १८५६ पर्यंत व्हॅन डिमेन्स लँड. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद व्हिक्टोरियात १८५३ पासून, न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून, साउथ ऑस्ट्रेलियात १८४२ पासून, टास्मानियात १८३८ पासून. त्याच्या मागे जायचं तर चर्चची बाप्तिस्म्याची आणि दफनाची पुस्तकं.

व्हिक्टोरियाचा मृत्यूचा दाखला मात्र पैसे देऊन घ्यावा असाच आहे. मृत्यूचं कारण, आई-वडिलांची नावं, जन्मगाव, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे, कोणत्या वयात, कोणाशी, आणि मुलांची नावं वयांसकट. इतकं एका कागदावर. ‘वसाहतीत वर्षं’ हा रकाना सोन्यासारखा, कारण मृत्यूच्या सालातून ती वर्षं वजा केली की जहाज शोधायचं साल मिळतं. पण माहिती सांगणारा कोण होता तेही पाहा. मुलाने सांगितली असेल तर ठीक, शेजाऱ्याने सांगितली असेल तर मृताच्या आई-वडिलांची नावं पेन्सिलनेच लिहा.

आता वर्तमानपत्रं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे ऑनलाइन दालन घरबसल्या फुकट उघडतं, आणि त्यात १८०३ च्या ‘सिडनी गॅझेट’पासूनचे अंक आहेत. बेंडिगोसाठी ‘बेंडिगो ॲडव्हर्टायझर’, मेलबर्नसाठी ‘द आर्गस’. यंत्राने वाचलेला मजकूर चुकतो, इंग्रजी आर आणि एन जोडून एम होतो. म्हणून नाव सापडलं नाही तर गावाचं, खाणीचं, जहाजाचं नाव टाका. चुकलेली ओळ वाचकांना दुरुस्त करता येते, तेवढी सेवा करत जा. तीन शब्द आधी पाठ करा. तारखेपुढे ‘इन्स्टंट’ असेल तर ती याच महिन्यातली, ‘अल्टिमो’ असेल तर गेल्या महिन्यातली. आणि ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा.

निधनाच्या चार ओळींच्या खबरीत शेवटची ओळ सोडू नका. ‘कॉर्नवॉलच्या पत्रांनी ही बातमी उतरवून घ्यावी’ अशी विनंती तिथे असायची, मायदेशी राहिलेल्यांना कळावं म्हणून. आम्हाला नक्की कोणत्या परगण्यात शोधायचं ते तिथेच कळलं. नुसत्या निधनवार्ता पाहून थांबू नका. टपाल कचेरीत पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्या, कोंडवाड्यात घातलेल्या गुरांच्या जाहिराती, दिवाळखोरीच्या सूचना, हरवलेल्या नातेवाइकांच्या चौकशा, यांत साधी माणसं भेटतात. बायका नवऱ्याच्या नावानेच छापलेल्या असतात, त्यामुळे त्याच्याही नावाने शोधा. आणि बातमीला साक्षीदार समजा, निवाडा नव्हे. दाखल्याशी किंवा जहाजाच्या यादीशी जुळली तरच शाईने लिहायची.

जमिनीचा कागद निघाला तेव्हा मला माझं जुनं दफ्तर आठवलं. १८६९ च्या कायद्याने ३२० एकरांपर्यंत जमीन घेता यायची, पण तीन वर्षांच्या परवान्याच्या काळात तिथे राहून, कुंपण घालून आणि दहावा हिस्सा नांगरून दाखवावा लागायचा. म्हणून त्या फायलीत घर किती खोल्यांचं, कुंपण कसलं, पीक काय, असा तपशील सापडतो. मोजमापाचा तक्ता जवळ ठेवा: आपल्या एकरात ४० गुंठे, त्यांच्या एकरात ४ रूड आणि रूडात ४० पर्च. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स.

इथे मनाचीही तयारी लागते. ती जमीन मोकळी पडलेली नव्हती. बेंडिगोचा मुलूख जा जा वुरुंग आणि ताउंगुरुंग लोकांचा, आणि तो त्यांच्याकडून घेतला गेला. सरकारी फायलीत कुंपणाचे खांब मोजलेले आहेत, त्या माणसांचा उल्लेख नाही. विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीच वहीत जमिनीच्या पानावर सर्वांत वर त्या लोकांचं नाव लिहिलं. तुमच्या शोधात जे गाव निघेल, तिथल्या मूळ लोकांचं नाव आधी काढून ठेवा. घराण्यात कोणी शिक्षा भोगायला पाठवलेला कैदी निघाला तर तेही लपवू नका. कैद्यांच्या नोंदींत उंची, केसांचा रंग, अंगावरचं गोंदण असं सगळं असतं, आणि फोटो नसलेल्या माणसाचा चेहरा तेवढ्यावरून डोळ्यांपुढे येतो.

नॉर्थ मेलबर्नच्या सरकारी दफ्तरखान्यात जाण्याआधी हव्या त्या फायलींचे क्रमांक घरूनच काढून न्या. पेन घरी ठेवा, पेन्सिल आणि मोबाईल घ्या. तिथल्या, सवलतीच्या तिकिटावर आलेल्यांच्या जहाजी याद्यांत वय, धर्म, मूळ गाव, लिहिता-वाचता येतं का, हे मिळतं.

आम्ही तिथे जातोय ते एका ओळीसाठी. बायबलमधली चौथी ओळ: १८५४ चं साल, एक तारीख आणि ‘समुद्रावर’. नाव नाही. बाळ जहाजावर जन्मलं की गेलं, हे विहीणबाईंच्या आईलाही ठाऊक नव्हतं. वहीत त्याच्यासाठी एक अख्खं पान ठेवलंय आणि पिशवीत सगळ्यात वर बायबलच्या त्या पानाचा फोटो.