गेममधला अवतार निवडताना

नवा व्हिडिओ गेम सुरू केला की आपल्या अवताराचा, म्हणजे गेममधल्या आपल्या पात्राचा, चेहरा, उंची आणि पोशाख निवडायचा पडदा समोर येतो. काही जण तो घाईने उरकतात, तर काही जण त्यातच तासभर रमतात. मात्र हे रूप आपल्या वागण्यालाही वळण लावते, याचा विचार क्वचितच होतो.

निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली या परिणामाला रूपे पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवतेवरून ‘प्रोटियस परिणाम’ असे नाव दिले. त्यांच्या एका प्रयोगात आभासी जगात काही सहभागींना समोरच्या व्यक्तीपेक्षा १० सेंटीमीटर उंच, तर काहींना तेवढेच बुटके शरीर मिळाले. पैशांची वाटणी करताना उंच शरीरातल्यांनी स्वतःचा वाटा अधिक रेटून मागितला आणि बुटक्या शरीरातल्यांनी अन्यायाची वाटणीही अधिक वेळा मान्य केली. वास्तवातली त्यांची उंची मात्र होती तेवढीच होती. आपण स्वतःला जसे पाहतो त्यावरून आपण कसे आहोत याचा अंदाज बांधतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हा परिणाम प्रत्येकावर सारखा होत नाही, आणि तो सहसा फार मोठाही नसतो.

म्हणून रूप ठरवण्याआधी या गेममधून आपल्याला काय हवे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. व्यायामाची सवय लावायची असेल तर अवतार स्वतःसारखा दिसेल असा करावा, कारण जेसी फॉक्स आणि बेलेन्सन यांच्या २००९ मधील अभ्यासात स्वतःच्या चेहऱ्याची आकृती धावताना पाहिलेल्यांनी, अनोळखी आकृती धावताना पाहिलेल्यांपेक्षा पुढील दिवसभरात अधिक व्यायाम केला. निव्वळ कल्पनेचा आनंद हवा असेल, तर राक्षस व्हावे किंवा पक्षी. त्यात काहीच गैर नाही.

देखण्या, आदर्श रूपाबाबत मात्र मी अधिक सावध राहायला सांगेन. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या खेळाडूंनी आपली पात्रे स्वतःपेक्षा स्वतःच्या आदर्शाशी अधिक जुळणारी मानल्याचे, आणि मनःस्वास्थ्य कमी असलेल्यांमध्ये हा कल अधिक ठळक असल्याचे २००७ च्या एका अभ्यासात आढळले. असे रूप दुखऱ्या मनाला विसावा देऊ शकते, पण पडदा बंद केल्यावर आरशातला चेहरा नकोसा वाटू लागला, तर ती खूण गांभीर्याने घ्यावी. तोकड्या, अंगप्रदर्शन करणाऱ्या पोशाखातल्या अवतारामुळे स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचे विचार वाढल्याचेही प्रयोगात दिसले आहे.

आठवडाभर खेळ संपताच दोन ओळी लिहाव्यात: आज कोणते रूप घेतले होते, आणि त्यानंतर घरच्यांशी पहिले बोलणे कोणत्या सुरात झाले. तो सूर वारंवार चढा लागत असेल, तर खेळ तोच ठेवून फक्त अवतार बदलावा आणि पुढचा आठवडा पुन्हा लिहावे. मुलांच्या बाबतीत बंदी घालण्यापूर्वी शेजारी बसून ‘हा असा का केलास?’ एवढेच विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. रूप बदलूनही उदासी किंवा झोपेची तक्रार हटत नसेल, तर अवतारात कारण शोधत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.