मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या पत्त्यांत येणारा पिन कोड ४१६००१ हीच संख्या घेऊ. शेवटी १ दिसला की अनेकजण ती मूळ संख्या ठरवून मोकळे होतात. पण अंकांची बेरीज १२ आहे, म्हणजे ३ ने भाग जातो. (९ ने जात नाही, ही गल्लत फार होते.) भागाकार १३८६६७.

खरी गडबड इथून पुढे. ७, ११, १३, १७, १९ यांपैकी कशानेच भाग जात नाही आणि माणूस कंटाळून थांबतो, नेमका एक पायरी आधी. २३ × ६००० = १३८०००, उरले ६६७, आणि ६६७ म्हणजे २३ × २९. भागाकार ६०२९.

आता ६०२९ तपासायची. २३ एकदा वापरला म्हणून तो सोडून पुढे जाऊ नका. तोच अवयव पुन्हा येऊ शकतो, म्हणून सुरुवात २३ पासूनच करा. इथे बाकी ३ उरते. आणि सुरुवातीच्या ४१६००१ च्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६४४ पर्यंत, भागत बसू नका. हातात उरलेल्या संख्येचं वर्गमूळ धरा, ते ७७ च्या जरा वर आहे. २३ ते ७३ पर्यंत मूळ संख्या तेराच. एकीनेही भाग जात नाही, म्हणून ६०२९ मूळ.

४१६००१ = ३ × २३ × ६०२९. विभाजक आठ: १, ३, २३, ६९, ६०२९, १८०८७, १३८६६७, ४१६००१. पहिला आणि शेवटचा मोजायचा राहतो आणि उत्तर सहा येतं. विभाजकांची बेरीज (३ + १) × (२३ + १) × (६०२९ + १), म्हणजे ४ × २४ × ६०३० = ५,७८,८८०.

पडताळणी अंकांच्या बेरजेवर सोडू नका. ६०२९ ऐवजी चुकून ६०९२ लिहिलं तरी बेरीज १७ च राहते आणि चूक लपते. पूर्ण गुणाकार करून पाहा.

अंक वाढले की आपण संगणकाकडे वळतो. एक्सेलमध्ये पंधराच्या पुढचे अंक शून्य होतात. पायथन या संगणकाच्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण एका तिरक्या रेघेचा (/) भागाकार दशांशात जातो आणि मोठ्या संख्येत शेवटचे अंक बिघडतात. दोन तिरक्या रेघांचा (//) वापरा.

सर्वांत फसवी चूक फर्मा या गणितज्ञाच्या कसोटीची. संख्या मूळ आणि विषम असेल, तर २ चा 'संख्या वजा १' इतका घात तिने भागल्यावर बाकी १ उरते. उलट मात्र खरं नाही. ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, ही संख्या २ च्या कसोटीला उतरते: २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, आणि त्याचा वर्ग केला की १; पुढे वर्ग करत 'संख्या वजा १' इतक्या घातापर्यंत गेलं तरी १ च राहते. फर्माला ती मूळ वाटली होती. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा अवयव दाखवला, दुसरा ६७००४१७. कसोटीत २ ऐवजी ३ चा घात घेतला की बाकी १ येत नाही आणि संख्या लगेच पकडली जाते.