नेक लिफ्ट करून घरी आल्यावर काय सांभाळायचं

मी नागपुरात घरी जाऊन पेशंटची देखभाल करणारी नर्स आहे. धंतोली, रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून सुट्टी झाली की पुढचे दिवस आमच्याकडे येतात. हल्ली त्यात गळ्याची सैल कातडी काढून मान घट्ट करून घेतलेले लोकही असतात. कोणी खूप वजन उतरवलेलं, कोणी साठीच्या आसपासचं, बायकाही आणि पुरुषही. सुट्टीच्या कागदावर ‘डोकं उंच ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घरचे उशांवर उशा रचून मोकळे होतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

उशांचा ढीग देऊ नका. त्याने डोकं पुढे ढकललं जातं, हनुवटी छातीकडे येते आणि नेमकी ताज्या टाक्यांच्या जागी घडी पडते. कातडीला रक्त कमी पोचतं आणि सूजही उतरत नाही. उतार कमरेपासून हवा. गादीच्या डोक्याकडच्या भागाखाली सतरंज्या, जाड दुलया घडी करून सारा. साधारण ३० ते ४५ अंशांचा चढ झाला पाहिजे. वर एक पातळ उशी पुरते. दोन्ही बाजूंना लोड लावले की झोपेत कूस बदलली जात नाही. असं उताणं झोपणं दोन आठवडे तरी चालवा. मोबाईलही डोळ्यांसमोर उंच धरून बघा, मांडीत ठेवून नको.

आता पहिली रात्र. घरातलं एक माणूस जागं हवंच, यात तडजोड करू नका. या ऑपरेशनमध्ये कातडी खालून सोडवतात, गळ्यातला पातळ स्नायू शिवून घट्ट करतात आणि जास्तीची कातडी कानामागे ओढून कापतात. आतली एखादी बारीक रक्तवाहिनी पुन्हा उघडली तर तिथे रक्त साठतं. हा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त, आणि पुरुषांत बायकांपेक्षा जास्त. रक्तदाब वाढला, उलटी झाली, जोराचा खोकला आला, कुंथावं लागलं की तो वाढतो. म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही आणि मळमळ वाटली तर उलटीची वाट न बघता फोन करायचा.

मी दर दोन तासांनी उजेड लावून दोन्ही बाजू सोबत बघते आणि बोटांच्या मागच्या बाजूने हात फिरवते. दोन्हीकडे सूज सारखी असेल तर ठीक. एकच बाजू एकाएकी फुगली, टणक झाली, गोळी घेऊनही ठणका वाढतच गेला, आवाज बदलला किंवा गिळता येईना, तर सर्जनला फोन करत करतच निघायचं. श्वास लागला तर कोणाचीही वाट न बघता सगळ्यात जवळचा तातडीचा विभाग गाठायचा, पेशंटला बसवूनच न्यायचं. सकाळी बघू, असं म्हणायचं नाही.

आत साठणारं रक्त-पाणी बाहेर भांड्यात काढणारी नळी लावलेली असेल तर ती बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. आधी लालसर आणि मग फिकट होत जाणारं पाणी आलं तर घाबरू नका. लालभडक रक्ताने भांडं भरभर भरायला लागलं तर फोन करा. हनुवटी-गळ्याभोवती बांधलेला दाबाचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला तितकाच घट्ट ठेवा, एक बोट सहज आत गेलं पाहिजे.

बाकी पुष्कळ गोष्टी दिसायला भीतिदायक असतात पण अपेक्षित असतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेली दिसते. काळंनिळं खाली सरकत छातीपर्यंत येतं. कानाची पाळी आणि हनुवटीखालचा भाग बधिर राहतो, कधी काही महिने. तिथे गरम शेक, हेअर ड्रायर किंवा थेट बर्फ लावू नका, भाजलेलं कळणारही नाही. गळा आवळल्यासारखा वाटतो, हनुवटीखाली गाठी लागतात, हसताना खालचा ओठ थोडा वाकडा दिसू शकतो. बहुतेकांचं हे हळूहळू सुटतं, तरी ओठाचं सर्जनला दाखवाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात बघून रडू येतं, तेव्हा जवळच्या माणसाने फक्त सोबत बसावं. पाहुण्यांना मात्र पहिला आठवडा येऊ देऊ नका. बोलून बोलून जबडा दुखतो.

खाण्यात मऊ भात, साधं वरण, खिचडी, ताक. मीठ कमी, म्हणजे पापड-लोणचं बंद. सावजी रस्सा आणि कडक भाकरी काही दिवस राहू द्या. वेदनेच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, त्यामुळे पाणी भरपूर प्या आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका.

आणि खर्रा. आपल्या गावात हे स्पष्ट सांगावंच लागतं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट), सिगारेट सगळ्यांत निकोटिन आहे. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची ताणलेली कातडी काळी पडून मरू शकते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद हवं. सर्जनपासून लपवू नका. हे ऐकून ते तारीख पुढे ढकलतील, त्यात तुमचंच भलं आहे.

तारीख तुमच्या हातात असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, कूलरची हवा दमट असते आणि पट्ट्याखाली घाम साचून पुरळ येतं. दोन पट्टे घ्या, एक धुवा, एक वापरा.

टाके साधारण ५ ते १० दिवसांत निघतात. घरातल्या घरात पहिल्या दिवसापासून चाला. बसून करायच्या कामावर दहा-बारा दिवसांनी बरेच जण जातात. स्कूटी मात्र मान दोन्हीकडे न दुखता वळेपर्यंत नको, हेल्मेटचा पट्टाही नेमका टाक्यांवर येतो. उन्हासाठी तोंडावर स्कार्फ आवळून बांधायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याची गाठ कानामागे येऊ देऊ नका. जिम, सूर्यनमस्कार आणि केसांचा रंग चार ते सहा आठवड्यांनी, तेही विचारून. ताप, पू किंवा वाढती लाली दिसली तर लगेच दाखवा.

व्रण पूर्ण भरल्यावर त्यावर सनस्क्रीन लावत राहा, वर्षभर तो फिका होत जातो. घरात लग्न असेल तर मध्ये तीन महिने तरी ठेवा. ठुशीसारखा गळ्याला बिलगणारा दागिना सर्जनने हो म्हटल्यावरच घाला.