पालक ओला की वाळलेला? अन्न, आरोग्य आणि पर्यावरणावर पीएचडी करताना या चुका टाळा

नागपुरात या विषयावर काम करणाऱ्याला दूर जावं लागत नाही. कापूस, लिंबूवर्गीय फळं आणि मृदा सर्वेक्षण यांच्या राष्ट्रीय संस्था शहरातच आहेत. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८पासून आहे, मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्स आहे. अभ्यासाचा विषयही दारावरून वाहतो: नाग नदी शहराचं सांडपाणी पोटात घेऊन कन्हानकडे जाते आणि तिच्या पाण्यावर पालेभाज्या पिकतात. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, पलीकडे काटोल-नरखेडच्या संत्राबागा. एवढं सगळं हाताशी असूनही प्रबंध अडकतात ते ठरलेल्या चार-पाच जागी. विद्यार्थी धातू मोजणाऱ्या मशीनला दोष देतात. पण बिघाड मशीनपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी, पिशवीत, बाटलीत नाही तर प्रश्नावलीत झालेला असतो.

ओलं वजन आणि कोरडं वजन

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

ताज्या पालकात सुमारे ९२ टक्के पाणी असतं. आपण तो धुतो, ओव्हनमध्ये ६५-७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवतो, दळतो, त्यातली अर्धा ग्रॅम भुकटी नायट्रिक ॲसिडमध्ये डायजेस्ट करतो, म्हणजे पूर्ण विरघळवतो. मशीनचा आकडा येतो तो वाळलेल्या भुकटीचा. पण पालेभाजीतल्या शिशाची मर्यादा, म्हणजे किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, ही ताज्या भाजीसाठी असते. कॅडमियमची ०.२ हीसुद्धा ताज्याचीच.

आता भुकटीत शिसं ३ मिलिग्रॅम आलं असं धरा. विद्यार्थी लिहितो, "मर्यादेच्या दहापट". प्रत्यक्षात त्या किलोभर भुकटीमागे साडेबारा किलो ताजा पालक होता. ताज्या वजनावर हिशेब केला तर ०.२४ येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. उलटा प्रकार अधिक घातक. भुकटीत ८ आलं, विद्यार्थ्याने बरोबर रूपांतर करून ०.६४ काढलं आणि तुलना केली २.५शी, कारण आधीच्या कुठल्या तरी प्रबंधात तोच आकडा होता. निष्कर्ष: "भाजी सुरक्षित". ती २.५ची मर्यादा १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखालची. अन्न सुरक्षा कायद्याचे नियम ऑगस्ट २०११पासून लागू झाले, तेव्हा ती मागे पडली. भाजी खरं तर मर्यादेच्या दुपटीवर होती. एकाच नदीकाठचे दोन प्रबंध अशी दोन विरुद्ध उत्तरं देतात आणि दोन्ही चुकीची असतात. ज्या शेतकऱ्याची भाजी विनाकारण बदनाम होते आणि ज्या घरात खरोखर शिसं ताटात जातं, त्या दोघांवरही हा अन्याय आहे.

यानंतरची पायरी आरोग्याच्या धोक्याचं गणित. तिथे जवळपास प्रत्येक प्रबंधात एक प्रौढ माणूस रोज ०.३४५ किलो भाजी खातो, मूल ०.२३२ किलो. प्रौढाचं वजन ५५.९ किलो, मुलाचं ३२.७. हे आकडे चीनमधल्या अभ्यासांतून आलेले आहेत आणि एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत राहिले आहेत. नागपुरातल्या पारडीच्या मजुराचं ताट त्यात नाही. त्याच्याच जोडीला ०.०८५ हा गुणक येतो. ताज्या भाजीचं कोरडं वजन काढण्यासाठी तो आहे. आकडा कोरड्या वजनावर असताना हा गुणक विसरलात तर धोका जवळजवळ बारापट फुगतो. आकडा आधीच ताज्यावर आणला असेल आणि तरीही गुणक लावलात, तर धोका बारापट आटतो. शिवाय मेथी, वांगं आणि मुळा या सगळ्यांना एकच गुणक लावणं मुळातच चूक आहे. भाजी वाळवण्याआधी आणि वाळवल्यावर तोलायला दोन मिनिटं लागतात, तेव्हा प्रत्येक भाजीचा गुणक स्वतःच काढावा.

माझा आग्रह असा: नमुन्याच्या पाकिटावर, वहीच्या प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर आणि एक्सेलच्या प्रत्येक शीटमध्ये एककासोबत "ओले" किंवा "कोरडे" लिहिल्याशिवाय पुढचा आकडा भरायचाच नाही. ओल्या वजनाची नोंद शेतातून आल्याच्या तासाभरात करावी. मे महिन्यात डिक्कीत तीन तास राहिलेली मेथी ताजी उरत नाही.

मर्यादा दिसतच नाही अशा मशीनवर मोजणं

वरचाच धागा पुढे नेऊ. ०.५ ग्रॅम भुकटी, शेवटचं आकारमान ५० मिलिलिटर, म्हणजे मशीनवरच्या आकड्याला १००ने गुणायचं. फ्लेम एएएसवर, म्हणजे ज्योतीत नमुना जाळून धातू मोजणाऱ्या मशीनवर, शिशाचं खात्रीलायक मोजमाप लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास सुरू होतं. भुकटीत ते झालं किलोमागे १०. आणि ताज्यातली ०.३ची मर्यादा पालकाच्या भुकटीत येते ३.७५ला. म्हणजे भाजी मर्यादेच्या दुपटीवर असली तरी मशीन ठामपणे काही सांगू शकत नाही. विद्यार्थी मात्र "आढळले नाही" लिहितो, सरासरी काढताना तिथे शून्य भरतो आणि सगळा तक्ता खाली ओढतो. शिसं आणि कॅडमियमसाठी ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस ही जास्त संवेदनशील मशीनच हवीत. मोजमापाची खालची सीमा तक्त्यात छापा आणि तिच्याखालच्या नमुन्यांची संख्या वेगळी द्या.

घरच्या मिक्सरमध्ये भुकटी करू नका. स्टीलच्या पात्यातून क्रोमियम आणि निकेल नमुन्यात उतरतं आणि मग त्याचं खापर कारखान्यावर फुटतं. पोर्सिलेनचा खल वापरा. प्रत्येक वीस नमुन्यांमागे एक ब्लँक (भुकटी न घातलेलं नुसतं ॲसिड), एक जोड-नमुना (तोच नमुना दुसऱ्यांदा) आणि प्रमाणित संदर्भ पदार्थाचा, म्हणजे ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक आहे अशा पदार्थाचा, एक नमुना ठेवा. संदर्भ पदार्थ महाग आहे हे खरं, पण त्याच्याशिवाय आलेल्या आकड्यावर कुणी विश्वास का ठेवावा याचं उत्तर व्हायवात देता येत नाही.

पाणी आणि माती, थोडक्यात

पाण्यातले विरघळलेले धातू मोजायचे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, मग नायट्रिक ॲसिडने पीएच २च्या खाली आणा. क्रम उलटला तर गाळाला चिकटलेले धातूही पाण्यात उतरतात. नाग नदीच्या गढूळ पाण्यात हा फरक प्रचंड असतो.

नळाच्या पाण्यातले जिवाणू तपासायचे असतील तर निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असलंच पाहिजे. नाही तर उरलेलं क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतं आणि पाणी शुद्ध ठरतं. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवसांचा काढतात. परदेशी निबंधातल्या २० अंशांवरच्या ५ दिवसांच्या आकड्यासमोर तो ठेवताना हे लिहायला हवं.

मातीत डीटीपीए या सौम्य रसायनाने निघालेलं जस्त आणि ॲसिडमध्ये विरघळवून काढलेलं एकूण जस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं पिकाला मिळू शकतं, दुसऱ्यातलं बहुतेक काळ्या चिकणमातीत अडकलेलं असतं. एकाची मर्यादा दुसऱ्याला लावू नका. जस्त मोजायचं असताना जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं तर अजिबात नको.

शब्द न समजता लिहिलेला आहार

आता दुसरी मोठी चूक. आरोग्याचा भाग आला की आहाराची प्रश्नावली येते, आणि ती बहुधा दुसऱ्या भागातल्या प्रश्नावलीवरून उचललेली असते. रामटेककडच्या गावात मुलाखत चालू आहे असं समजा.

"वहिनी, काल संध्याकाळी भाजी कोणती केली होती?"

"कोहळं केलं होतं. अन् वरणात सांबार."

मुलाखत घेणारा बाहेरचा असेल तर "कोहळा" लिहितो आणि "सांबार, १ वाटी" लिहितो. वऱ्हाड-नागपूरकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पांढऱ्या कोहळ्यात बीटा-कॅरोटीन नसल्यात जमा, लाल भोपळ्यात भरपूर. म्हणजे अ जीवनसत्त्वाचा अख्खा तक्ता एका शब्दाने उलटला, आणि वरणावर भुरभुरलेल्या चिमूटभर पानांच्या जागी वाटीभर डाळ वाढली. बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, फल्ली म्हणजे भुईमूग, पोपट म्हणजे वालाच्या शेंगा. भंडारा-गोंदियाकडे गेलात तर लाखोळीला नुसतं "डाळ" लिहून मोकळं होऊ नका. पायांना लुळेपणा आणणाऱ्या लॅथिरिझमशी तिचा संबंध आहे, म्हणून ती वेगळीच नोंदवली पाहिजे.

उपाय साधा आहे, पण घाई करणाऱ्यांना तो नको असतो. प्रश्नावली छापण्याआधी त्या गावच्या बाजारात एक सकाळ घालवा. प्रत्येक भाजीचं नाव विकणाऱ्या मावशीच्या तोंडून ऐका, फोटो काढा, शास्त्रीय नाव जोडा आणि ती यादी प्रत्येक मुलाखतकाराच्या हातात द्या. मग राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यात तो पदार्थ शोधा. तक्त्यातले बहुतेक आकडे कच्च्या पदार्थाचे आहेत, ताटात मात्र शिजलेला भात असतो. शिजलेल्या वाटीमागे कच्चे तांदूळ किती हे त्या घरच्या भांड्यात तोलून ठरवा.

एका दिवसाच्या आठवणीवरून कुणाचा नेहमीचा आहार कळत नाही. श्रावणातला सोमवार, महालक्ष्म्यांचं जेवण, लग्नसराईतला मे किंवा कापूसवेचणीतला डबा यांपैकी काल काय होतं, यावर आकडा बदलतो. निदान दोन दिवस घ्या, लागोपाठचे नकोत, आणि सणाचा दिवस असेल तर तसं लिहा. सुनेच्या आहाराची माहिती सासूबाईंना विचारू नका. त्या प्रेमाने सांगतात, पण सून सगळ्यात शेवटी जेवते आणि तिच्या ताटात काय उरलं होतं हे तिलाच ठाऊक असतं.

४०० घरं म्हणजे ४०० नव्हेत

वीस गावांतून प्रत्येकी वीस घरं घेतली की विद्यार्थ्याला नमुना भक्कम वाटतो. पण एका गावातली घरं पाणी, माती, दुकान आणि सवयींमुळे एकमेकांसारखी असतात. हे साम्य शून्य ते एकच्या मापावर ०.०५ धरलं तर फुगवटा, म्हणजे नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा, १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ होतो. तुमची ४०० घरं सुमारे २०५ घरांइतकीच माहिती देतात. घरं वाढवण्यापेक्षा गावं वाढवा. तसंच एका फ्लास्कमधून तीनदा घेतलेलं वाचन म्हणजे तीन नमुने नव्हेत.

फवारणी आणि रक्त

२०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या प्रश्नावर काम व्हायलाच हवं, पण नीट. फवारणीनंतर एकदाच रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजून काही सिद्ध होत नाही, कारण या विकराचं (एन्झाइमचं) प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. हंगामाआधी त्याच माणसाचं मोजा, मग हंगामात. शिवाय ही तपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांपुरती आहे. पायरेथ्रॉइड किंवा निओनिकोटिनॉइड फवारणाऱ्याचा अहवाल स्वच्छ येईल आणि तो आजारी असेल.

नैतिकता समितीची परवानगी रक्ताचा पहिला थेंब काढण्याआधी लागते. मागाहून ती मिळत नाही, कितीही ओळख असली तरी. मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचीही: ७ ते १२ वयाला तोंडी, १२ ते १८ला लेखी. पूरक आहार किंवा गोळ्या देऊन परिणाम बघणार असाल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, नोंदणी करा.

हिमोग्लोबिन बोटातून घेतलं की शिरेतून हे तक्त्याच्या शीर्षकातच लिहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (एनएफएचएस) आकडा बोटाच्या रक्ताचा आहे, त्याची तुमच्या शिरेच्या रक्ताशी थेट तुलना होत नाही. बोट पिळू नका, ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि ॲनिमिया वाढलेला दिसतो.

संत्रा

कीटकनाशकाच्या उर्वरित अंशाची मर्यादा सालीसकट पूर्ण फळासाठी आहे. सोलून मोजाल तर सगळंच सुरक्षित येतं. एका नमुन्यात किमान १० फळं आणि किमान १ किलो घ्या. आंबिया आणि मृग हे दोन बहार आहेत, फवारणीचं वेळापत्रक दोघांचं वेगळं असतं. एकाच बहाराचे नमुने घेऊन "नागपुरी संत्र्यात" असं शीर्षक देऊ नका. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक शोधायचं असेल तर फळं आधी बारीक करून ठेवू नका. रसाशी गाठ पडताच ते विघटित होऊ लागतं.

फ्रीजर

उन्हाळ्यात वीज गेली आणि परत आली तर वितळून पुन्हा गोठलेला नमुना दिसायला तसाच असतो. त्यावर एक जुनी युक्ती आहे. पेल्यात पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि पेला नमुन्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवून द्या. सुट्टीवरून परतल्यावर नाणं वरच असेल तर काम पुढे चालू करा. नाणं तळाशी गोठलेलं दिसलं तर ते नमुने टाकून द्या आणि नवे आणायला निघा.