फक्त भारतातच सापडणारे प्राणी-झाडं बघायला जायचंय? मग आधी हे वाचा

मोर फक्त भारतात सापडतो का? नाही, श्रीलंकेतही आहे. गीरचा सिंह? आज आशियात जंगली सिंह फक्त गीरच्या परिसरात उरलेत हे खरं, पण एकेकाळी हाच सिंह पार इराण-इराकपर्यंत होता, म्हणजे तो इथे उरलाय एवढंच. आणि शेकरू, म्हणजे ती झाडावरची मोठी खार? तो मात्र भारताबाहेर जगात कुठेच नाही. प्रदेशनिष्ठ म्हणतात ते याला. दुर्मिळ वेगळं आणि प्रदेशनिष्ठ वेगळं, ही गल्लत बरेच जण करतात आणि मग कासला जाऊन जे दिसेल त्या फुलाखाली 'जगात फक्त इथेच' असं लिहून टाकतात.

तर पहिलं काम घरी बसूनच करायचं, नकाशा बघायचा. पक्षी असेल तर ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या साईटवर त्याचा रेंज मॅप, म्हणजे तो कुठे सापडतो त्याचा नकाशा, उघडा, झाड असेल तर लंडनच्या क्यू गार्डनची प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन नावाची साईट आहे तिथे शास्त्रीय नाव टाका, कुठल्या देशात सापडतं ते लगेच समोर येतं. नुसत्या नावावर जाऊ नका. मलबारी राखी धनेश आणि मलबारी कवड्या धनेश, दोघांच्याही नावात मलबार आहे, पण राखी फक्त पश्चिम घाटात आणि कवड्या श्रीलंकेतसुद्धा आहे. ओळखायचं पण सोप्पं आहे, राखी धनेशाच्या चोचीवर ते शिंगासारखं टोपण नसतं. कासच्या पठारावर दवबिंदू नावाची ती कीटक खाणारी चिकट लाल वनस्पती दिसते, लोक तिच्यासमोर तासभर झोपून फोटो काढतात, छानच आहे ती, पण ती आशिया-आफ्रिकेत बऱ्याच देशांत उगवते. आणि तिथून थोडं पुढे चिखलात वायतुरा उभा असतो, ज्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून आलंय, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, तो महाराष्ट्र सोडून कुठे नाही, आणि त्याच्याकडे कोणी बघतही नाही. इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाटे फुटलेला तुरा, म्हणून वायतुरा. एकदा डोळ्यात बसला की परत कधी चुकत नाही.

दुसरं म्हणजे जागा समजून घ्या. कासचं पठार काय किंवा रत्नागिरी-राजापूरकडचे सडे काय, वरवर बघितलं तर नुसता जांभा दगड, वर बोटभर माती, उन्हाळ्यात पाय भाजतील एवढं तापतं आणि पावसात तिथेच पाणी साठतं. एवढ्या टोकाच्या जागेत टिकायला झाडांनी काय काय केलंय बघा, वायतुरा वर्षातले बरेच महिने जमिनीखाली कंद होऊन पडून असतो, सड्यावरची दीपकाडी पण कांद्याच्या रूपात खाली थांबते आणि पहिले पाऊस झाले की पांढरी फुलं घेऊन वर येते. म्हणून मे महिन्यात सडा बघून "काहीच नाहीये, ओसाड आहे" असं कोणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं, कारण सगळं तिथेच असतं, पायाखाली. तिथे गाडी घातली, माती काढली की ते कंद गेले, आणि दुसरीकडून आणायचे तर दुसरीकडे नाहीतच ना ते.

चालताना उघड्या दगडावरून किंवा मळलेल्या पायवाटेने चाला, हिरवं दिसतंय आणि मऊ आहे म्हणून त्यावर पाय देऊ नका. एक फोटो काढायला एक माणूस आत शिरला की मागून दहा शिरतात, दुपारपर्यंत तिथे वाट पडलेली असते. कासला सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग लागतं, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, जमलं तर मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात.

शेकरू बघायला भीमाशंकर. ते अभयारण्यच १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठी झालंय आणि आपला राज्यप्राणी आहे तो. लोक देवळापाशी उतरतात, दर्शन घेतात, इकडे तिकडे बघतात आणि शेकरू दिसला नाही म्हणून परत जातात. असं नाही दिसत हो. सकाळी उजाडता उजाडता पोचा, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम करा, दुपारी तो फांदीवर पसरून झोपलेला असतो. आधी जमिनीकडे बघा, कुरतडलेल्या फळांचे तुकडे, सालं पडलेली दिसली की त्या झाडाखाली थांबा. मग वर बघा, उंच बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसेल, ते घरटं, पण एकच शेकरू चार-पाच घरटी बांधून ठेवतो त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे तो आत आहेच असं नाही. आणि कान उघडे ठेवा, माणूस दिसला की तो खर्जात कचकच ओरडतो, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं माकडं भांडतायत. जाताना शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांब प्राणी एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतो तेव्हा श्वास थांबतो आपला. तो जमिनीवर फारसा उतरतच नाही, फांदीला फांदी लागलेली असली तरच त्याचं जंगल जोडलेलं राहतं, मधली चार झाडं तोडली की त्याच्यासाठी रस्ताच तुटला. आणि प्लीज बिस्किट-वेफर्स दाखवून बोलावू नका त्याला.

पावसाच्या सुरुवातीला आंबोली. तिथे आंबोली टोड नावाचा बेडूक आहे, २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजात म्हणून नोंदवला, अंगावर वाघासारखे पट्टे. शिवाय तिथल्या हिरण्यकेशीच्या कुंडातला छोटासा मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये नोंदवला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एका देवळाच्या कुंडातला मासा! तिथे पाण्यात पाय घालायचे नाहीत, निर्माल्य-साबण काही टाकायचं नाही, काठावरून शांत बघायचं. बेडकांसाठी रात्री फिरायचं तर स्थानिक गाइड घ्या, गाडी घाटात अगदी हळू चालवा कारण पावसात बेडूक रस्त्यावरच असतात, आणि हाताला डासांचं क्रीम लावलं असेल तर बेडकाला हात लावूच नका, त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

अंदमानला बरेच जण बीचसाठी जातातच, तर त्यातली एक पहाट आणि एक संध्याकाळ चिडिया टापूला काढा, पोर्ट ब्लेअरपासून म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून साधारण २५ किलोमीटर. नोव्हेंबर ते मार्च बरं पडतं. काळाकुट्ट अंदमान सुतारपक्षी, अंदमान सर्पगरुड, आणि अंधार पडल्यावर तिथली काही घुबडं, हे सगळे त्या बेटांपुरतेच. झाडांमध्ये पडौक बघा. पण माझी सगळ्यात आवडती तिथली हिरवीगार पाल, दिवसा फिरणारी, पाठीवर लाल ठिपके, तिच्या गणगोतातले बाकीचे सगळे तिकडे मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्सच्या बाजूला आणि ही एकटी अंदमानात. नारकोंडमचा धनेश मात्र तुमच्या यादीतून काढून टाका, तो सुमारे ७ चौरस किलोमीटरच्या एकाच बेटावर आहे आणि ते फिरायला जायचं ठिकाण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दिसल्यावर काय करायचं. ठिकाण नीट लिहायचं, पण स्वतःकडे. रानपिंगळ्याची गोष्ट माहितीये का? हा मध्य भारतातला एक पक्षी, एक छोटं घुबडच, १८८४ नंतर त्याचा पक्का नमुनाच मिळाला नव्हता. मधे १९१४ चा म्हणून एक नमुना दाखवला जात होता, गुजरातमधला, आणि लोक तिकडे शोधत राहिले. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केलं की तो चोरलेला जुनाच नमुना आहे, वर खोटं लेबल लावलंय. मग त्यांनी आणि सोबत्यांनी खऱ्या जुन्या नोंदींची ठिकाणं धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ तो सापडला, तब्बल ११३ वर्षांनी. एका खोट्या ठिकाणामुळे किती वर्षं वाया गेली असतील विचार करा.

म्हणून वहीत तारीख, वेळ, उंची, कुठल्या झाडावर किंवा कड्यावर, सोबत काय होतं हे सगळं खरं खरं लिहा. आणि सोशल मीडियावर टाकताना उलटं, फक्त जिल्हा लिहा. कड्यांवर वाढणारं शिंदळमाकूड आहे ना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लाल चांदणीसारखी फुलं येतात, महाराष्ट्रातल्या मोजक्याच किल्ल्या-डोंगरांवर उरलंय, त्याचं नेमकं लोकेशन पोस्टमध्ये टाकलं की उपटून कुंडीत लावणारे पोचलेच समजा. मी ते कुठे बघितलं हे जवळच्या मित्रांनाही सांगत नाही, राग आला तरी चालेल. मोबाईलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन टॅग फोटो शेअर करण्याआधी काढून टाका. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदी टाकायच्या साईटवर, टाकणार असाल तर धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींचं ठिकाण ते आपोआप धूसर करतं, तरी एकदा जिओप्रायव्हसी नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑब्स्क्युअर्ड, म्हणजे धूसर, निवडलंय का ते बघून घ्या. आणि नाव कळत नसेल तर नुसतं फूल समोरून काढू नका, पानाची मागची बाजू, देठ, फुलाची मागची बाजू, आणि आजूबाजूचा दगड किंवा चिखल दिसेल असा एक लांबून, एवढे चार फोटो असले की जाणकार माणूस सहसा नाव सांगू शकतो.